घरी जोडलेल्या हेडफोन ॲम्प्लिफायरमधील सरकता ऑफसेट आणि गुणगुण : दोष शोधण्याची पद्धत

गेल्या हिवाळ्यात, हरभऱ्याला पाणी देण्याच्या दिवसांत, आमच्या गावातील बारावीला शिकणारा एक मुलगा स्वतः जोडलेला हेडफोन ॲम्प्लिफायर कापडी पिशवीत घालून माझ्याकडे घेऊन आला. "काका, सकाऊन बराबर वाजते, संध्याकायी मात्र गुनगुन करते. आयसी तीनदा बदलला, तरी तेच," असे तो म्हणाला. बोर्ड पाहिला तर जोडणी नीटनेटकी होती, डागही चांगले चमकत होते. चूक एवढीच होती की मीटर हातात घेण्याआधी त्याने सोल्डरिंग गन हातात घेतली होती. नव्याने या छंदात आलेल्या बहुतेकांचे असेच होते, आणि तालुक्याच्या गावी ऑप-ॲम्प (सिग्नल मोठा करणारा आयसी) मिळत नसल्यामुळे प्रत्येक चुकीच्या अंदाजाची किंमत अमरावती, अकोला किंवा नागपूरची एक फेरी असते. म्हणून मोजून, क्रमाने आणि एका वेळी एकच बदल करून दोष कसा शोधावा, हे येथे सविस्तर लिहीत आहे.

उदाहरणासाठी नवशिके सर्वाधिक जोडतात तीच रचना घेतली आहे. १२-०-१२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचे डीसी करणारे चार डायोड), दोन मोठे कपॅसिटर, ७८१२ आणि ७९१२ हे व्होल्टेज स्थिर ठेवणारे रेग्युलेटर, दोन्ही चॅनलसाठी मिळून एक एनई५५३२ किंवा टीएल०७२, आणि प्रत्येक चॅनलला बीडी१३९-बीडी१४० या ट्रान्झिस्टरची जोडी. ऑप-ॲम्पच्या इनपुटपासून ग्राउंडला १०० किलोओहमचा रेझिस्टर, त्याच्या आधी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, फीडबॅकला (आउटपुटवरून परत इनपुटकडे येणाऱ्या वाटेवर) १० किलोओहम आणि ग्राउंडकडे १ किलोओहम, म्हणजे गेन ११, सिग्नल ११ पट मोठा. तुमची रचना थोडी वेगळी असली तरी पद्धत तीच लागू पडते.

दोन तक्रारी, दोन वाटा

ऑफसेट म्हणजे गाणे बंद असतानाही आउटपुटवर राहणारा डीसी व्होल्टेज. तो कानाला ऐकू येत नाही. फार तर हेडफोनची पिन लावताना "टक्" असा आवाज येतो. परंतु ३२ ओहमच्या हेडफोनवर १ व्होल्ट डीसी राहिला तर सुमारे ३१ मिलिॲम्पिअर प्रवाह व्हॉइस कॉइलमधून सतत वाहतो, आणि २ व्होल्ट राहिले तर १२५ मिलिवॅट उष्णता त्या केसासारख्या तारेत साचत राहते. गुणगुण ही याच्या उलट आहे. ती ऐकू येते, त्रास देते, पण सहसा काही जाळत नाही. त्यामुळे आधी ऑफसेट आणि मग गुणगुण हा क्रम कधीही मोडू नये. गुणगुण ऐकण्यासाठी हेडफोन कानाला लावावाच लागतो, आणि ऑफसेट न मोजता हेडफोन लावणे म्हणजे तो पणाला लावणे होय.

हात लावण्याआधी

ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीकडे २३० व्होल्ट असतात, याची जाणीव प्रत्येक वेळी ठेवावी. आपल्याकडे लाइन गेली की "आता बंदच आहे" असे समजून डब्यात हात घालण्याची सवय असते. लाइन न सांगता येते, म्हणून प्लग सॉकेटमधून काढून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवावा आणि मगच स्क्रू खोलावेत. प्रायमरीच्या जोडांवर स्लीव्ह असावी, फेजच्या वायरवर फ्यूज आणि स्विच असावा. १२ व्हीए ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर प्रायमरीतून जेमतेम ५२ मिलिॲम्पिअर घेतो, त्यामुळे २५० मिलिॲम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज पुरतो. फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळू नये.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरावा. मोटारी बांधणाऱ्या कोणाकडेही तो असतो : होल्डरमध्ये जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याच्या सिरीजमध्ये सॉकेट. बल्ब क्षणभर चमकून विझला तर ठीक आहे. तेजाने पेटून राहिला तर कोठे तरी शॉर्ट आहे आणि प्लग लगेच काढावा. मापे घेताना मात्र बल्ब मधून काढून टाकावा.

बाकी साहित्य साधे आहे. डीटी८३० जातीचा स्वस्त डिजिटल मीटर चालतो, कारण त्यातील २०० मिलिव्होल्टची डीसी रेंज ०.१ मिलिव्होल्टपर्यंत दाखवते. मीटरची स्वतःची बॅटरी उतरलेली असेल तर आकडे खोटे येतात, एवढे मात्र आधी तपासावे. याशिवाय ३३ ओहमचे दोन रेझिस्टर, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, मगरपकडीच्या चार वायरी, आयसोप्रोपिल अल्कोहोल, जुना दातांचा ब्रश आणि एक वही. वहीला मी मीटरइतकेच महत्त्व देतो. "मघाशी किती होते?" हा प्रश्न आठवणीवर सोडला की शोध भरकटतो.

पहिले माप

हेडफोन बाजूला ठेवा. दोन्ही आउटपुटवर, म्हणजे डावीकडून ग्राउंड आणि उजवीकडून ग्राउंड, ३३ ओहमचे रेझिस्टर लावा. इनपुटच्या दोन्ही सिग्नल पिना ग्राउंडला शॉर्ट करा. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून आधी सप्लाय मोजा. ऑप-ॲम्पच्या ८ नंबरच्या पिनेवर अधिक १२ आणि ४ नंबरच्या पिनेवर उणे १२ व्होल्टच्या जवळपास मिळाले पाहिजेत. एक बाजू आली आणि दुसरी आली नाही तर ऑफसेटचे सर्व शोध तेथेच थांबवावेत, कारण मग आउटपुट एका टोकाला जाऊन चिकटणारच.

येथे नवशिक्यांची एक ठरलेली चूक असते. ७८१२ च्या पिना समोरून अनुक्रमे इनपुट, ग्राउंड, आउटपुट अशा असतात. ७९१२ च्या मात्र ग्राउंड, इनपुट, आउटपुट अशा असतात. शिवाय ७९१२ ची धातूची पाठ आतून इनपुटला जोडलेली असते, त्यामुळे दोन्ही रेग्युलेटर एकाच हीटसिंकवर अभ्रकाच्या चकतीशिवाय बसवले तर उणे सप्लाय हीटसिंकमार्गे शॉर्ट होतो.

सप्लाय बरोबर असेल तर आता आउटपुट मोजा, आधी २० व्होल्टच्या रेंजवर आणि आकडा लहान दिसला तरच २०० मिलिव्होल्टवर. चालू केल्यावर १ मिनिटाने, ५ मिनिटांनी, १५ मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने दोन्ही चॅनलचे आकडे चिन्हासह वहीत लिहा. उणे चिन्ह विसरू नका, पुढे त्याचाच उपयोग आहे. माझा स्वतःचा दंडक असा आहे की १० मिलिव्होल्टच्या आत असेल तर उत्तम, २० पर्यंत चालवून घेतो, आणि ५० च्या पुढे असेल तर त्या ॲम्प्लिफायरला हेडफोन लावत नाही.

चार आकडे पाहिले की दोष कोणत्या जातीचा आहे ते बरेचसे कळते. पहिल्या मिनिटापासून मोठा आणि जवळजवळ स्थिर ऑफसेट असेल तर तो रचनेतून आलेला आहे. लहान सुरू होऊन उष्णतेबरोबर हळूहळू वाढत असेल तर तो खरा सरकता ऑफसेट आहे. आणि आकडा स्थिरच राहत नसेल, वायरीजवळ हात नेताच उड्या मारत असेल, ऑप-ॲम्प बोटाला चटका देत असेल, तर सर्किट कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेवर ऑसिलेट होत, म्हणजे आपोआप कंप पावत, असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी ८ आणि ४ नंबरच्या पिनांपासून ग्राउंडला, अगदी पिनेला लागून, १०० नॅनोफॅरडचे सिरॅमिक कपॅसिटर लावावेत आणि फीडबॅकच्या १० किलोओहमवर २२ ते ४७ पिकोफॅरड द्यावेत. हे थांबेपर्यंत बाकीचे कोणतेही माप विश्वासाचे नसते.

स्थिर पण मोठा ऑफसेट

त्या मुलाच्या बोर्डवर एनई५५३२ होता आणि दोन्ही चॅनलवर उणे २०० मिलिव्होल्टच्या आसपास आकडा येत होता. त्याची गुणगुणीची तक्रार ऐकत असतानाच ही दुसरी गोष्ट सापडली. दोन्ही चॅनल सारखेच चुकत असतील तर आयसी खराब नसून गणितच तसे आहे, असे समजावे.

गणित असे. एनई५५३२ च्या इनपुटला एनपीएन ट्रान्झिस्टर आहेत आणि त्यांना चालण्यासाठी साधारण २०० नॅनोॲम्पिअर प्रवाह आत ओढावा लागतो. हा प्रवाह १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधूनच येणार, त्यामुळे रेझिस्टरवर २० मिलिव्होल्ट पडतात आणि प्रवाह आत जात असल्याने इनपुटची पिन उणे होते. ते उणे २० मिलिव्होल्ट गेनने, म्हणजे ११ ने, गुणले की आउटपुटवर उणे २२० मिलिव्होल्ट होतात. ३ नंबरच्या पिनेवर मीटर लावून हे स्वतः पाहता येते. डीटी८३० चा स्वतःचा रोध १ मेगाओहम असल्यामुळे तो १०० किलोओहमच्या समांतर येतो आणि २० ऐवजी सुमारे १८ दाखवतो. हा फरक मीटरचा आहे, सर्किटचा नाही.

यावर तीन उपाय आहेत. पहिला म्हणजे १०० किलोओहमऐवजी १० किलोओहम लावणे. मात्र त्याबरोबर इनपुटचा कपॅसिटर ०.१ वरून १ मायक्रोफॅरड करावा लागतो, नाही तर खालचा ठेका पातळ होतो. दोन्ही बदलले की खालची मर्यादा पूर्वीइतकीच, १६ हर्ट्झच्या जवळ, राहते आणि ऑफसेट दहा पटींनी उतरतो. दुसरा उपाय म्हणजे फीडबॅकमधील १ किलोओहम आणि ग्राउंड यांच्यामध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घालणे. मग डीसीसाठी गेन ११ ऐवजी १ होतो आणि गाण्यासाठी ११ च राहतो. तिसरा म्हणजे एफईटी (फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर) इनपुटचा ऑप-ॲम्प, उदाहरणार्थ टीएल०७२ किंवा ओपीए२१३४, ज्याला इनपुटवर केवळ पिकोॲम्पिअरमध्ये प्रवाह लागतो.

तिसऱ्या उपायाबद्दल सावध करावेसे वाटते. एफईटी आयसी घातला की ऑफसेट शून्य होईल अशी समजूत असते. टीएल०७२ चा स्वतःचा इनपुट ऑफसेट सामान्यतः ३ मिलिव्होल्ट असतो, तो ११ ने गुणला की ३३ मिलिव्होल्ट झालेच. दुखणे कमी झाले, गेले नाही. म्हणून मी पहिले दोन उपाय एकत्र करतो. त्या मुलाच्या बोर्डवर तेच केले, तोच जुना एनई५५३२ ठेवून, आणि आकडा २ ते ३ मिलिव्होल्टवर आला.

आवाजाचे बटण फिरवले की ऑफसेट बदलतो आणि खर्रखर्र ऐकू येते, ही तक्रार याच घराण्यातील आहे. पोटेन्शिओमीटरच्या मधल्या टोकावरून ऑप-ॲम्पला थेट वायर गेली असेल आणि मध्ये कपॅसिटर नसेल, तर तो इनपुट प्रवाह पोटेन्शिओमीटरमधूनच वाहतो. बटण जसे फिरेल तसा मार्गातील रोध बदलतो आणि त्याबरोबर ऑफसेटही. अशा वेळी नवा पोटेन्शिओमीटर आणूनही खरखर जात नाही; मध्ये कपॅसिटर आणि त्यापुढे ग्राउंडला रेझिस्टर दिला की जाते.

उष्णतेबरोबर सरकणारा ऑफसेट

अकोला, वर्धा, चंद्रपूर या भागांत मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि टिनाच्या छपराखाली ठेवलेल्या डब्यात त्याहून अधिक तापमान असते. डिसेंबरात निर्दोष असलेले सर्किट मेमध्ये बिघडते, ते या कारणाने.

यात ऑप-ॲम्पला दोष देण्याची घाई करू नये. त्याचा ऑफसेट अंशाला काही मायक्रोव्होल्टच सरकतो. अंशाला ५ मायक्रोव्होल्ट आणि २० अंशांची वाढ धरली तरी ११ च्या गेननंतर तो १ मिलिव्होल्टच्या आसपास येतो. एफईटी आयसीचा इनपुट प्रवाह दर १० अंशांना साधारण दुप्पट होतो हे खरे, पण पिकोॲम्पिअरची चौपटही १०० किलोओहमवर नगण्यच असते. म्हणजे तुमचा ऑफसेट दहा-वीस मिलिव्होल्टने सरकत असेल तर कारण आयसीच्या बाहेर शोधावे.

पहिले ठिकाण म्हणजे फीडबॅकचा रेझिस्टर कोठून निघतो ते. तो ऑप-ॲम्पच्या आउटपुट पिनेवरून घेतलेला असेल तर बीडी१३९-बीडी१४० ची जोडी फीडबॅकच्या बाहेर राहते आणि त्या दोघांतील प्रत्येक फरक सरळ हेडफोनवर येतो. ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर व्होल्टेज अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो, त्यामुळे एक ट्रान्झिस्टर दुसऱ्यापेक्षा थोडा अधिक तापला तरी आकडा सरकतो. रेझिस्टरचे ते टोक उचलून दोन्ही एमिटर रेझिस्टर जेथे मिळतात तेथे लावा. अनेकदा एवढ्यावरच काम संपते.

ऑप-ॲम्प न वापरता बीसी५४७ च्या जोडीने इनपुट तयार केले असेल तर हाच २ मिलिव्होल्टचा नियम अधिक कठोरपणे लागू होतो, कारण तेथील फरक गेनने गुणला जातो. दोन्ही ट्रान्झिस्टरच्या सपाट बाजू एकमेकींना चिकटवून वर श्रिंक स्लीव्ह चढवावी, म्हणजे दोघे एकत्रच तापतील आणि एकत्रच निवतील. अशी जोडी उघड्या बोर्डवर असताना कूलरचा झोत अंगावर आला तर मीटरमधील आकडा झोतासरशी हलतो, आणि माणूस व्यर्थ सर्किट उकरत बसतो. मापे घेताना बोर्डवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घालावे.

दुसरे ठिकाण म्हणजे आउटपुट जोडीचा स्थिर प्रवाह, म्हणजे गाणे बंद असतानाही तिच्यातून वाहणारा. एमिटरला ४.७ ओहमचा रेझिस्टर असेल तर त्यावर ४७ मिलिव्होल्ट म्हणजे १० मिलिॲम्पिअर. हाही आकडा अर्धा तास पाहावा. तो एका जागी येऊन थांबला पाहिजे. १२ व्होल्टवर ४० मिलिॲम्पिअर वाहिले तर एका बीडी१३९ मध्ये जवळपास अर्धा वॅट उष्णता होते, आणि हीटसिंक नसेल तर हा ट्रान्झिस्टर वॅटमागे सुमारे १०० अंशांनी तापतो, म्हणजे आतील भाग खोलीच्या तापमानापेक्षा ४८ अंशांनी वर. ४२ अंशांच्या खोलीत ते ९० होतात. प्रवाह थांबत नसेल तर बायसचे (हा स्थिर प्रवाह ठरवणारे) १एन४१४८ डायोड ट्रान्झिस्टरच्या अंगाला चिकटवावेत आणि ॲल्युमिनियमचा लहान पत्रा हीटसिंक म्हणून लावावा.

तिसरे ठिकाण दिसत नाही म्हणून सुटते. सोल्डर पेस्ट भरपूर वापरण्याची आपल्याकडे रीत आहे. तिचा चिकट थर पिनांच्या मध्ये राहतो, कूलरची दमट हवा किंवा पावसाळा त्याला ओल देतो, आणि सप्लायच्या पिनेवरून इनपुटच्या पिनेकडे प्रवाह झिरपू लागतो. १०० किलोओहमच्या जागी ही झिरप सहज मोजता येईल इतकी होते. बोर्डची तांब्याची बाजू अल्कोहोल आणि ब्रशने घासून, कोरड्या फडक्याने टिपून, उन्हात अर्धा तास ठेवावी आणि पुन्हा मोजावे. पाण्याचे नळ जोडण्यासाठी मिळणारी आम्लयुक्त पेस्ट तर इलेक्ट्रॉनिक कामात मुळीच वापरू नये. इनपुटला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावला असेल तर त्याच्याही गळतीचा संशय घ्यावा. त्या जागी फिल्म कपॅसिटरच योग्य.

आता गुणगुण

डीटी८३० ची एसी रेंज २०० व्होल्टपासून सुरू होते, त्यामुळे मिलिव्होल्टमधील गुणगुण त्यावर दिसणार नाही. येथे कान हेच साधन. ऑफसेट सुरक्षित ठरल्यावर एखादा स्वस्त हेडफोन लावा आणि पुढील चार प्रश्नांची उत्तरे वहीत लिहा.

बटण शून्यावर नेले की गुणगुण जाते का? गेली तर ती बटणाच्या आधीची, म्हणजे इनपुट वायर किंवा मोबाइल-लॅपटॉपकडून येणारी आहे. तशीच राहिली तर ती सप्लाय, ग्राउंड किंवा ट्रान्सफॉर्मरची आहे.

बॅटरीवर ती जाते का? रेग्युलेटरच्या आउटपुटच्या वायरी सोडवून ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये लावा, मधला जोड ग्राउंडला द्या, आणि ट्रान्सफॉर्मरचा प्लग काढून ठेवा. पूर्ण शांतता झाली तर ॲम्प्लिफायर निर्दोष आहे आणि दोष सप्लायमध्ये आहे. या एका चाचणीने अर्धे सर्किट संशयातून बाहेर पडते, म्हणून ती मी कधीही टाळत नाही.

आवाज ५० हर्ट्झचा आहे की १०० चा? मोबाइलमध्ये ध्वनीचा आलेख दाखवणारे मोफत ॲप घ्या आणि हेडफोनचा कप मोबाइलच्या माइकवर घट्ट धरा. टोक १०० वर उभे राहिले तर ब्रिजनंतरची रिपल, म्हणजे डीसीवर उरलेली लहर, आहे. ५० वर राहिले तर ट्रान्सफॉर्मरचे चुंबकीय क्षेत्र, घरातील वायरिंग किंवा ग्राउंडचा फेरा (ग्राउंडला दोन वाटा मिळून बनलेले कडे). क्वचित ब्रिजचा एखादा डायोड उघडा पडल्यामुळेही ५० ची रिपल येते. मधूनमधून येणारी तुटक "टर्र-टर्र" ही जवळच्या टूजी मोबाइलची असते, ती गुणगुण समजू नये.

चौथा प्रश्न आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचा आहे : ती दिवसाच्या कोणत्या वेळी येते?

त्या मुलाचे उत्तर पहिल्याच वाक्यात होते. मी त्याला सकाळी आणि रात्री सॉकेटमधील व्होल्टेज मोजून आणायला सांगितले. सकाळी २२८ आणि रात्री आठ वाजता १८२ असे त्याने लिहून आणले. त्या दिवसांत परिसरातील पंप रात्रपाळीला चालत होते आणि लाइनवर भार होता.

आता हिशेब करू. मध्य टॅप (१२-०-१२ मधील ० चे टोक) असलेल्या ट्रान्सफॉर्मरवर प्रत्येक बाजूच्या मार्गात एकच डायोड येतो. २३० व्होल्टला १२ व्होल्टचे शिखर सुमारे १७ होते, डायोडचे ०.७ वजा केले की १६.३ उरतात. ७८१२ ला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त, म्हणजे १४ लागतात. येथपर्यंत सर्व ठीक. लाइन २०० वर आली की हाच आकडा १४ वर येतो आणि १८० ला १२.६ वर. यातूनही रिपल वजा व्हायची असते : १००० मायक्रोफॅरडवर १०० मिलिॲम्पिअर घेतले तर ती १ व्होल्ट असते. रेग्युलेटरला वर काही शिल्लकच उरत नाही, तो रिपल कापणे सोडून देतो आणि १०० हर्ट्झ सरळ ऑप-ॲम्पच्या सप्लायवर उतरते. आयसी कितीही वेळा बदलला तरी रात्री आठची लाइन बदलत नाही.

कपॅसिटर मोठा केल्याने रिपल घटते, पण शिखर वाढत नाही, त्यामुळे तो अर्धाच उपाय ठरतो. खरे उपाय दोन. रेग्युलेटर ७८०९ आणि ७९०९ लावावेत : त्यांना ११ व्होल्ट पुरतात आणि १२-०-१२ ट्रान्सफॉर्मर १७० व्होल्टच्या लाइनवरही ११.८ देतो, त्याबरोबर कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरड केला की काम भागते. हेडफोनसाठी अधिक-उणे ९ व्होल्ट भरपूर आहेत. किंवा ट्रान्सफॉर्मर १५-०-१५ चा घ्यावा, जो १७० वरही १५ व्होल्ट देतो. मात्र पहाटे लाइन २५० पर्यंत चढली की हाच ट्रान्सफॉर्मर २२ व्होल्टच्या वर जातो, म्हणून कपॅसिटर ३५ व्होल्टचेच हवेत आणि रेग्युलेटरना हीटसिंक हवे. आम्ही पहिला मार्ग घेतला, कारण दोन रेग्युलेटर माझ्याकडे होते आणि नागपूरला जायची गरज पडली नाही.

ग्राउंडची वायर

दिवसभर सारखीच राहणारी गुणगुण असेल तर ग्राउंडची वायर पाहावी. ट्रान्सफॉर्मरचा मध्य टॅप दोन्ही मोठ्या कपॅसिटरच्या जोडावर येतो, आणि त्या तुकड्यातून कपॅसिटर भरणारा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा झटक्यांनी वाहतो. ०.२ चौरस मिलिमीटरच्या तारेचा ४ सेंटिमीटरचा तुकडा जेमतेम साडेतीन मिलिओहमचा असतो, पण त्यातून अर्ध्या ॲम्पिअरचे झटके गेले की त्यावर १.७ मिलिव्होल्ट पडतात. इनपुट सॉकेटचे ग्राउंड त्या तुकड्याच्या चुकीच्या टोकाला जोडले असेल, तर हे १.७ मिलिव्होल्ट गाण्याबरोबर ११ पट होऊन सुमारे १९ मिलिव्होल्ट गुणगुण म्हणून कानात येतात. म्हणून मध्य टॅपची वायर फक्त कपॅसिटरच्या जोडापर्यंतच आणावी, तेथून एकच जाड वायर वेगळ्या ताराबिंदूकडे न्यावी, आणि इनपुट, ऑप-ॲम्प, हेडफोन सॉकेट या सर्वांची ग्राउंडे त्या बिंदूवर स्वतंत्रपणे यावीत. धातूचा हेडफोन सॉकेट डब्याला टेकून दुसरीकडे ग्राउंड होत असेल तर प्लॅस्टिकच्या वॉशरने तो वेगळा करावा.

पोटेन्शिओमीटरच्या धातूच्या अंगाला बोट लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर ते अंग ग्राउंड करायचे राहिले आहे. ट्रान्सफॉर्मर मोकळा करून हातभर वायरीवर धरून (प्रायमरी पूर्ण झाकलेली असेल तरच) हळूहळू फिरवला आणि गुणगुण कमी-जास्त झाली, तर सर्वांत शांत कोन शोधून तेथेच स्क्रू मारावा. लोखंडी पत्र्याचा डबा ट्रान्सफॉर्मरचे क्षेत्र काहीसे अडवतो. ॲल्युमिनियमचा ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला फारसा अडवत नाही.

लॅपटॉप चार्जरला लावला की गुणगुण आणि काढला की शांतता, असे असेल तर फेरा अर्थिंगमधून आहे. चार्जरमधील फिल्टर कपॅसिटरमधून किंचित गळती प्रवाह ग्राउंडवर येतोच; घरात अर्थिंग नसेल तर तो तुमच्या ॲम्प्लिफायरमधून वाट काढतो आणि डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. आपल्या काळ्या कपाशीच्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि कोळसा-मीठ भरलेला अर्थिंगचा खड्डा कोरडाठाक होतो, त्यामुळे पावसाळ्यात नसलेली गुणगुण एप्रिलमध्ये येऊ शकते. खड्ड्यात पाणी ओतावे, पाइपवरील क्लॅम्प घासून घट्ट करावा, आणि गावातील वायरमनकडून सॉकेटची तिसरी पिन खरोखर अर्थला गेली आहे का ते तपासून घ्यावे. गुणगुण जाते म्हणून प्लगची अर्थ पिन मोडणारे लोक मी पाहिले आहेत. धातूच्या डब्याच्या बाबतीत ते कदापि करू नये, कारण ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटले तर त्या वेळी तीच एक वायर आपल्याला वाचवते.

झाकण लावण्याआधी

सर्व बदल झाल्यावर बोर्ड डब्यात बसवून, झाकण ठेवून, संध्याकाळच्या कमी लाइनवर आणि कूलर चालू असताना पुन्हा अर्धा तास मोजावे, कारण खोलीच्या टेबलावरचे आणि बंद डब्यातील आकडे वेगळे असतात. दोन्ही चॅनलचा ऑफसेट, एमिटर रेझिस्टरवरील व्होल्टेज, सप्लायचे दोन आकडे, सॉकेटमधील व्होल्टेज आणि तारीख हे मार्करने झाकणाच्या आतल्या बाजूस लिहून ठेवावे. आउटपुटला प्रत्येक चॅनलमध्ये १० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये असू द्यावा, कारण ३.५ मिलिमीटरची पिन घालताना आउटपुट क्षणभर शॉर्ट होते. त्यानंतर आधी स्वस्त हेडफोनवर एक संध्याकाळ ऐकावे आणि दुसऱ्या दिवशी, पुन्हा एकदा ऑफसेट मोजून, चांगला हेडफोन लावावा.